बाहेरचे चहा मी मोजले नाहीत

एका सोप्या प्रश्नाचं उत्तर मी चुकवलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे. प्रश्न होता, "दिवसाला किती चहा घेता?" विचारणारी मुलगी संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यातली आहारतज्ज्ञ होती, माझ्या पोरीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. मी म्हणालो, "दोन." तिने कागदावर दोन लिहिलं. शेजारी माझी बायको शोभा बसली होती. तिच्याही हिशोबाने दोनच होते. सकाळी एक आणि संध्याकाळी घरी आल्यावर एक.

मी खोटं बोललो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे बाहेरचा चहा कोणी मोजत नाही. तुम्ही कोणाच्या दारी गेलात, त्यांनी कप पुढे केला, तुम्ही घेतला, तर त्याला काही चहा पिणं म्हणत नाहीत. त्यांनी मान दिला आणि तुम्ही तो राखला, एवढंच ते असतं. वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेणाऱ्या माणसाने हा भेद दवाखान्याच्या दाराबाहेर ठेवून आत जावं. मला सांगायचं आहे ते इतकंच, पण इतकंच सांगितलं तर कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नसतं.

*

मी ढोरांचा डॉक्टर. कागदावर पशुधन पर्यवेक्षक असं लांबलचक नाव आहे, पण अमडापूर-उंद्रीकडच्या माझ्या गावांमध्ये ते कोणाला पाठ नाही. राहायला चिखलीत. सकाळी सातला मोटरसायकल काढायची आणि गाईचं कृत्रिम रेतन, बैलाचा सुजलेला पाय, शेळ्यांची लस असं करत गावं फिरायची. लसीकरणाच्या दिवसांत पंधरा-वीस गोठे होतात. प्रत्येक गोठ्याला लागून घर, आणि प्रत्येक घरात चूल पेटलेली असते.

"साहेब, बसा ना जी, चाहा झालाच."

झालाच म्हणजे ठेवायचा असतो अजून. मग मी बसायचो. घट्ट दुधाचा, साखर सढळ हाताने टाकलेला. कोणाकडे आल्याचा, कोणाकडे तासभर उकळून काळा पडलेला. जेवायला दुपारचे तीन वाजायचे, कधी चार. लोक म्हणायचे साहेब काही खात नाहीत तरी अंगाने भरत चालले. मलाही तेच वाटायचं. एकशे चौतीस किलोला पोचलो होतो. गाडीचे शॉकअप दर वर्षी बदलायचो, आणि उंद्रीचा मेकॅनिक हसून म्हणायचा, "साहेब, आता ट्रॅक्टरच घ्या तुमी."

झोपेचं तर बोलायलाच नको. मी घोरायचो ते शेजारच्या घरात ऐकू जायचं. पण घोरूनही झोप झालेली नसायची. दिवसा डोळे मिटायचे आणि ते उघडे ठेवायला पुढच्या घरचा चहा लागायचा. एका दुपारी उंद्रीच्या अलीकडे गाडीवरच डोळा लागला आणि मी सरळ सोयाबीनमध्ये शिरलो. लागलं काही नाही. शेतवाला धावत आला, त्याने मला उठवून बसवलं, पाणी दिलं, आणि मग घरी नेऊन चहा पाजला.

*

त्यानंतर शोभाने माझं ऐकून घेणं बंद केलं. तपासण्या झाल्या. साखर भलतीच वाढलेली, रक्तदाब तसाच, आणि झोपेत माझा श्वास मधूनमधून थांबतो असं निघालं. ज्या दिवशी हे सगळे कागद एकत्र झाले त्या दिवशी सर्जन शांतपणे म्हणाले, "तुमचं शरीर रात्रभर झगडतं. दिवसा ते कशावर चालवता तुम्ही?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "सवयीवर."

त्यांनी जठराचा मोठा भाग बाजूला ठेवून छोटीशी पिशवी करायची आणि ती आतड्याला जोडायची असं ऑपरेशन सुचवलं. घरी परतताना गाडीत शोभा रडत होती. मी खिडकीतून जालन्याच्या पुढची शेतं बघत होतो. मी कितीतरी जनावरांचं पोट फाडलेलं पाहिलं आहे. स्वतःचं फाडायचं म्हटल्यावर मला भीती वाटली, सरळसोट भीती, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती.

*

आता वडिलांबद्दल सांगतो, कारण त्यांच्याशिवाय माझा चहा समजणार नाही.

ते आमच्या मूळ गावी बावीस वर्षं एकाच घरी सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतीकामाला राहिलेले गडी. त्या घराचं आडनाव ते घेत नाहीत. "ते घर" म्हणतात आणि आम्हाला सगळ्यांना कळतं. तिथे त्यांना चहा रोज मिळायचा. पण अंगणात, पायरीच्या खाली उभं राहून, त्यांच्या कपात वरून ओतलेला. आम्ही बौद्ध. त्या पायरीच्या वर तेव्हा आमच्यासाठी जागा नव्हती.

पुढे मी नोकरीला लागलो आणि फिरत फिरत माझी बदली त्याच भागात झाली. त्या घरची गाय अडली म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा काम झाल्यावर त्यांनी मला ओसरीवर खुर्ची दिली आणि बशीसकट कप. संध्याकाळी घरी येऊन मी हे सांगितलं. वडिलांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "बशी होती?" मी हो म्हणालो. ते उठून मोरीकडे गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

तेव्हापासून रोजचा रिवाज पडला. मी गाडी लावली की व्हरांड्यातल्या खाटेवरून प्रश्न यायचा.

"आज कोनाच्या इथं झाला चाहा?"

मी घरं सांगायचो. ते प्रत्येक घर ओळखायचे, त्यांच्या बापजाद्यांना ओळखायचे.

"त्याच्या इथं? ओसरीवर का आत?"

"आत, बाबा."

"हं."

हे 'हं' ऐकायला मी दिवसभर चहा प्यायचो, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. खरं तर त्यातले निम्मे चहा मला आवडायचेही नाहीत.

*

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ आहार आणि चहा-कॉफी हळूहळू कमी करत बंद, असं त्या मुलीने लिहून दिलं होतं. मी हळूहळू वगैरे भानगडीत पडलो नाही. घरचे दोन चहा एका दिवसात बंद केले आणि छाती फुगवून फिरलो. शोभाने तर घरातून चहापत्तीचा डबाच हलवला. वडील शेजारी जाऊन पिऊन येऊ लागले. दाखल व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत मी कामावर होतो, आणि बाहेरचे चहा नेहमीसारखे चालू होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शपथेवर सांगतो, मनात आलंच नाही.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आलो तेव्हा पोटाचं काही वाटत नव्हतं, डोकं मात्र कोणी पहारीने फोडत असावं असं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी ते आणखी वाढलं. हात थरथरत होते, उमासे येत होते, आणि ताज्या टाक्यांवर उमासा आला की जीव नकोसा होतो. डॉक्टरांची धावपळ सुरू झाली. रक्त तपासलं, पोटाचं चित्र काढलं, जोड गळतोय की काय म्हणून. शोभा भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही.

आहारतज्ज्ञ मुलगी आली. तिने कागद पुन्हा काढला.

"काका, चहा दोनच घेत होतात ना?"

"दोनच. तेही पंधरा दिवसांपासून बंद."

तेव्हा शोभाला काय सुचलं कोण जाणे. तिने हळूच विचारलं, "अन् गावातले धरून?"

मी बोटं मोजू लागलो. सातच्या गोठ्यापासून निघालो, एकेक घर घेत गेलो. साध्या दिवशी अकरा झाले. लसीकरणाच्या दिवशी चौदा, कधी पंधरा. मोजता मोजता माझा आवाज बारीक होत गेला. त्या मुलीने पेन खाली ठेवलं.

"काका, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही माझे विचारले होते, मॅडम. ते लोकांचे होते."

ती हसली नाही. शोभाही हसली नाही. आता मी हे सांगतो तेव्हा ऐकणारे हसतात.

*

डोकं उतरायला आठवडा लागला. दवाखान्याचा दिवस म्हणजे औषधाच्या टोपणाएवढा प्याला आणि घड्याळ. दर पंधरा मिनिटांनी तो प्याला, तोही एका दमात नाही, चाटल्यासारखा. मधल्या वेळात सलाइनच्या बाटल्यांचा स्टँड ढकलत व्हरांड्यात फेऱ्या. माझ्यासारखे आणखी तिघे होते. समोरासमोर आलो की एकमेकांच्या पोटाकडे बघून वाट द्यायचो.

सगळ्यात वाईट वेळ चारची. चार वाजता रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खालून थर्मास यायचे आणि सगळ्या मजल्यावर वास पसरायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा पडदा ओढून, आवाज न करता प्यायचा, चोरी केल्यासारखा. मला त्याची दया यायची आणि त्याच वेळी पडदा फाडून कप हिसकावावा असंही वाटायचं. एकेचाळीस वर्षांचा बाप्या मी, चार वाजता भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायचो.

तिथे एक वॉर्डमामा होते, मेहकरकडच्या डोणगावचे. माझी बोली ऐकून त्यांनी ओळखलं. एकदा चारला ते स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेऊन आले.

"साहेब, हे चाहावानी फुकून फुकून प्या. मनाले काय समजते?"

मनाला सगळं समजत होतं. तरी मी फुंकर मारली. पुढचे चार दिवस ते न चुकता वाटी आणत राहिले. त्या सगळ्या दिवसांत बरं वाटलं असं तेवढंच आठवतं.

निघताना डिस्चार्जच्या कागदावर त्या मुलीने लाल शाईने लिहिलं, चहा-कॉफी तीन महिने एक थेंबही नाही, नंतर विचारून. आणि त्याखाली, अंगदुखी-डोकेदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. दोन्हींखाली रेघ मारली होती.

*

सव्वा महिन्याने कामावर गेलो. वजन एकशे सोळावर आलेलं. ऑपरेशन केलं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाईमाणसांनी, पैसेवाल्यांनी करायची गोष्ट ती, ढोरांच्या डॉक्टराने पोट कापून घेतलं म्हटल्यावर गावभर तमाशा झाला असता. साखर वाढली म्हणून पथ्य आहे, एवढंच सांगायचो. पहिले काही दिवस निभलं. कुठे फोन आल्याचं नाटक, कुठे घाई.

घरी मात्र निभेना. वडील विचारायचे, "आज कोनाच्या इथं?" मी म्हणायचो, "आज घाई होती बाबा." दुसऱ्या दिवशीही घाई. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कोनी काही बोललं काय तुले?"

"नाही हो."

"मंग चाहा काऊन देत नाई?"

त्यांना ऑपरेशन माहीत होतं, पथ्य माहीत होतं. तरी त्यांच्या डोक्यात ते दोन धागे जुळत नव्हते. कोणी चहा दिला नाही याचं एकच कारण त्यांना आयुष्यभर माहीत होतं.

त्याच आठवड्यात त्या घरी जावं लागलं. म्हशीला ताप होता. इंजेक्शन देऊन मी हात धुतले, तोवर त्या घरच्या म्हाताऱ्या काकूंनी ओसरीवर कप आणून ठेवला होता. माझे वडील तिथे राबत होते तेव्हा या काकू नवी सून होत्या. वरून ओतणारा हात त्यांचाच असणार. मी म्हणालो, "नको काकू, पथ्य आहे."

काकू हसल्या. "काऊन जी? आमच्या हातचा चालत नाई काय आता तुमाले?"

त्यांच्या मनात काहीही नव्हतं, हे मी आजही सांगेन. पाहुण्याला आग्रह करताना म्हणतात तसं त्या म्हणाल्या. पण हे वाक्य, त्या ओसरीवर, त्यांच्या तोंडून, मला.

"घोटभर त घ्या. नुसता ओठ लावा," काकू म्हणाल्या.

मी घोटभर घेतला. त्या लहानशा पोटात तो गरम घोट कसा उतरला ते मी सांगू शकत नाही, सुखाने मला रडूच यायचं बाकी राहिलं. संध्याकाळी वडिलांना घराचं नाव सांगितलं. ते 'हं' म्हणाले. त्या दिवशी आम्ही बापलेक दोघंही खूश होतो.

*

आता दुसरी चूक ऐका, ती पहिलीसारखीच आहे. घोटभर चहालाही आमच्याकडे चहा म्हणत नाहीत. ओठ लावणं म्हणतात. त्यामुळे मी चहा सोडलेलाच होतो. शोभाने विचारलं की छातीठोकपणे नाही म्हणायचो. महिनाभरात मी दिवसाला आठ-नऊ घरी ओठ लावत होतो, आणि घोट कधी अर्धा कप झाला ते कळलं नाही. सगळं उपाशीपोटी, कारण जेवणाच्या चार घासांचीही वेळ पाळत नव्हतो. रक्तवाढीच्या गोळ्याही त्याच चहाबरोबर गिळायचो. चहावर लोह अंगाला लागत नाही, हे मला नंतर सांगण्यात आलं.

रविवारी कुठे जाणं नसायचं. मग रविवारी डोकं ठणकायचं. मेडिकलवरून गोळी आणायचो, एकावर भागलं नाही की दोन. लाल रेघ मारलेला कागद कपाटात होता.

पोटात वरच्या बाजूला जळजळ सुरू झाली. मग एका सकाळी संडासला डांबरासारखं काळं झालं. जनावराचं शेण असं दिसलं तर मी मालकाला काय सांगतो? आतून रक्त जातंय, गाडी करा आणि आत्ता चिखलीला न्या. वीस वर्षं हेच सांगत आलो. स्वतःचं पाहिलं आणि बादलीभर पाणी ओतून बाहेर आलो. पाच दिवस ओतत राहिलो. सहाव्या दिवशी अमडापूरच्या दवाखान्यात एका शेळीला धरून उभा असताना शेळी राहिली उभी आणि मीच खाली बसलो.

*

पुन्हा संभाजीनगर. तोंडातून दुर्बीण घातली तेव्हा जोडावर जखम निघाली, तीतून रक्त झिरपत होतं. चार बाटल्या रक्त चढवलं. सर्जन पहिल्यासारखेच शांत होते. जखम बहुतेक गोळ्यांनी केली, म्हणाले, आणि चहाने ती बरी होऊ दिली नाही. एक दिवस उशीर झाला असता तर काय, हे मी विचारलं. त्यांनी शोभाकडे बघितलं.

या खेपेला मी मेलो असतो, ही गोष्ट मला खाटेवर पडल्या पडल्या हळूहळू समजत गेली. पोरगी बारावीला. शोभा शिवणकामावर किती दिवस घर चालवणार. आणि कशासाठी, तर कोणाला नको म्हणता आलं नाही म्हणून. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आहारतज्ज्ञ मुलीने पुन्हा कागद घेतला. मी तिला घोट, ओठ, अर्धा कप सगळं घरांच्या क्रमाने सांगितलं. काही लपवलं नाही. ती म्हणाली आता कायमचं बंद. मी मान हलवली.

घरी आल्यावर वाईट झालं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील खाटेजवळ आले, माझ्या हातावर हात ठेवला आणि सवयीने म्हणाले, "त्या घरी जाशीन तवा सांगजो, मले बरं नव्हतं म्हून. काकू पाजतीन चाहा."

शोभा मशीनवरून उठली. एकोणीस वर्षांत ती सासऱ्यासमोर आवाज चढवून बोललेली मी ऐकली नव्हती.

"मामाजी, तुमाले त्याईच्या ओसरीवरचा कप पाह्यजे, मले नवरा पाह्यजे! तुमच्या विचारन्यापायी मरत होते हे! आता पुन्हा इचारसान त मी हे घर सोडून जाईन!"

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातावरचा हात तेवढा काढून घेतला. मी काहीतरी बोलायला हवं होतं, शोभाच्या बाजूने किंवा त्यांच्या. मी डोळे मिटून पडून राहिलो.

तेव्हापासून त्यांनी विचारणं बंद केलं. मी गाडी लावायचो, ते खाटेवरून बघायचे आणि तोंड फिरवायचे. शोभा त्यांच्यासाठी आता रोज दोन वेळा चहा करते, स्वतः नेऊन देते. ते पितात. पण त्या दोघांमध्ये जे तुटलं ते चहाने सांधत नाही. मला दोघांचंही बरोबर वाटतं, आणि त्याचा कोणालाच उपयोग नाही.

*

मी मात्र या वेळी लपवलं नाही. गावोगाव स्वतःच सांगितलं, ऑपरेशन झालं आहे, चहा चालत नाही, आग्रह करू नका. मला वाटलं होतं लोक रागावतील. कोणी रागावलं नाही. आठवड्याभरात सगळीकडे झालं, साहेब काही घेत नाहीत. मला हायसं वाटलं. वाचणाऱ्यांपैकी कोणी या वळणावर असेल तर त्याला माझं हेच सांगणं आहे, पहिल्या दिवसापासून सांगून टाका.

त्यानंतर काय होतं ते मात्र कोणी मला सांगितलं नव्हतं, म्हणून मी लिहून ठेवतो. मी गोठ्यात जातो, गाय बघतो, सुई देतो, हात धुतो. कागदावर सही होते. मालक म्हणतो, "बरं साहेब, या मंग." चहा ठेवायचा नाही तर ओसरीवर कोण कशाला नेईल? खुर्ची कशाला काढायची? कोणाचं काही चुकत नाही. काम संपलं की मी गाडीला किक मारतो. पूर्वी वीस घरं करायला दिवस जायचा, आता दुपारी दोनलाच मोकळा होतो. वजन अठ्ठ्याण्णव आहे. साखर ताब्यात आहे, झोप लागते.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी शोभा बाजारात गेली होती. मी गाडी लावून व्हरांड्यात चढलो. वडिलांनी आत कोणी नाही हे पाहून घेतलं.

"मिलिंदा, बस इथं."

मी खाटेवर बसलो.

"चाहाचं नाई इचारत मी," ते म्हणाले. "तुयी शपथ. पन बसाले म्हनते काय कोनी?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण खोटं बोलून बोलून मी मसणापर्यंत जाऊन आलो होतो.

"दोन घरी म्हणतात, बाबा. उंद्रीची ती शेळ्यावाली मावशी, आणि आपल्या सोनारीणबाई."

"अन् बाकीचे?"

"बाकीच्यांकडे आता काम झालं की निघतो."

त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग घर न सांगता विचारलं, "अन् तठी?"

"नाही बाबा. गोठ्यातूनच येतो परत."

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मला वाटलं ते आता आत जातील. पण त्यांना मला काहीतरी द्यायचं होतं, तेवढं मला कळत होतं.

"गोठा पक्का बांधला म्हन्ते त्याइनं."

"हो. सिमेंटचा. वर पत्रे."

"पंखा गिंखा हाय काय आतमंदी?"

"आहे बाबा."

"मंग ठीक हाय," वडील म्हणाले. "उन्हायात बरं पडत असीन तुले."

मी हो म्हणालो. पंखा खरंच आहे. त्यांनी तो जर्सी गाईंसाठी लावला आहे.